आधी ऐकवा, मग विका

वऱ्हाडातल्या कोणत्याही कॉलेजात एकाच्या तरी वहीत अख्खा कवितासंग्रह मावेल एवढ्या कविता असतात. एखादीनं गावाकडच्या गोष्टी लिहून ठेवलेल्या असतात, तर कोणाची अर्धी कादंबरी मोबाइलच्या नोट्समध्ये पडून असते. मग एक दिवस मनात येतं, पुस्तक काढायचं. इथवर सगळं छान. पुढं कोणीतरी ‘पॅकेज’ सांगतो : तीस-चाळीस हजार द्या, पाचशे प्रती घ्या, सोबत मुखपृष्ठ, आयएसबीएन, प्रकाशन समारंभ. घरचे सोयाबीनचे नाहीतर कापसाचे पैसे त्यात जातात. समारंभ होतो, शाल-श्रीफळ होतं, फोटो स्टेटसवर झळकतात. पंधरा दिवसांनी दिवाणाखाली चारशे प्रतींचा गठ्ठा उरतो आणि घरातलं कोणीतरी विचारतंच, “पुस्तक तं निंगालं, पण घेईन कोन?”

हा प्रश्न टोमणा म्हणून सोडून देऊ नका. तो व्यवहाराचा प्रश्न आहे आणि छापखान्यात जायच्या आधी विचारायचा आहे. उत्तर न शोधता काढलेल्या पहिल्या पुस्तकामुळं दोन नुकसानं होतात. घरचा पैसा अडकतो, हे एक. दुसरं त्याहून मोठं : लिहिणारा पोरगा किंवा पोरगी लिहिणंच सोडून देते. ‘आपलं कोणी वाचत नाही’ असं एकदा मनानं घेतलं की दुसरं पुस्तक होत नाही. खरं तर त्याचं लिखाण कोणी नाकारलेलंच नसतं. ते कोणापर्यंत गेलेलंच नसतं.

मग कमी पैशात पुस्तक लोकांपर्यंत न्यायचं कसं? जाहिरात हे या प्रश्नाचं उत्तर नाही, कारण तेवढे पैसे आपल्याकडं नाहीत. उत्तर आपल्याच मातीत आहे. वऱ्हाडात लोक पुस्तक आधी ऐकतात, आवडलं तर मग विकत घेतात.

खंजिरीपासून मैफलीपर्यंत

तुकडोजी महाराजांचंच पाहा. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली त्यांचा जन्म झाला आणि १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज उभं केलं. त्यांची ‘ग्रामगीता’ पुस्तकरूपानं आली १९५५ साली. तोवर महाराजांची खंजिरी कितीतरी वर्षं गावोगाव वाजत होती. भजनातून तो विचार लोकांच्या कानावर आधीच पडलेला होता. ४१ अध्यायांचं पुस्तक, तेही ओवीत. म्हणजे एकट्यानं कोपऱ्यात बसून वाचण्यापेक्षा चार जणांत मोठ्यानं म्हणायला सोपं. ते लिहिणाऱ्यापाशी आवाज होता, पायाला भिंगरी होती आणि ऐकणाऱ्यांचं जाळं होतं. पुस्तक त्या जाळ्यात आलं, म्हणून टिकलं.

सुरेश भट तर आपल्या अमरावतीचेच. ‘रूपगंधा’ १९६१ साली आला आणि ‘रंग माझा वेगळा’ १९७४ साली. मधली १३ वर्षं नवा संग्रह नाही. तरी कवी विस्मरणात गेला नाही, कारण मैफलीतून आणि गाण्यांतून त्यांचे शब्द लोकांच्या ओठांवर राहिले. अकोल्याच्या विठ्ठल वाघांची शेतावरची कविता ‘अरे संसार संसार’ या १९८१ च्या चित्रपटातून महाराष्ट्रभर पोचली. ज्यांनी कवितेचं पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं, त्यांनीही ती गुणगुणली. आणि मिर्झा रफी अहमद बेग यांची ‘मिर्झा एक्सप्रेस’ तर तुमच्यापैकी कित्येकांच्या आई-बाबांनी गणपतीच्या मंडपात नाहीतर गावच्या यात्रेत ऐकली असेल. वऱ्हाडी बोलीत हसवता हसवता शेतकऱ्याचं दुखणं मांडणाऱ्या या कवीचं २०२४ साली निधन झालं. त्यांना ओळखणाऱ्यांत पुस्तक वाचून ओळखणारे कमी आणि ऐकून ओळखणारे जास्त सापडतील.

यांची प्रतिभा उसनी आणता येत नाही, हे उघड आहे. पण यांची रीत घेता येते. लेखक स्वतः लोकांपुढं उभा राहतो, लिहिलेलं ऐकवतो, ऐकणाऱ्याला पुढचं ऐकावंसं वाटतं. याला पैसा कमी लागतो, पण वेळ आणि हिंमत लागते. ही दोन्ही कॉलेजच्या वयात इतर कोणत्याही वयापेक्षा जास्त असतात.

“मी कवी नाही, माझं गद्य आहे, ते कोण ऐकून घेईल?” असं कोणी म्हणेल. त्यासाठी महात्मा फुल्यांकडं पाहू. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केला. ‘दीनबंधु’ पत्रात नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुरुवातीची दोन प्रकरणं छापली आणि पुढची छापणं थांबवलं. म्हणजे आपल्याच चळवळीच्या पत्रातली जागाही बंद झाली. फुले छापील पुस्तकाची वाट पाहत बसले नाहीत. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी हा ग्रंथ लोकांना वाचून दाखवला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनाही ऐकवला. सारा, कर्ज, जंगल, पाणी अशा रुक्ष वाटणाऱ्या विषयांवरचं ते गद्य होतं. ऐकणाऱ्याच्या जिवाशी त्याचा संबंध होता, म्हणून ते ऐकलं गेलं. तुमची कादंबरी दोनशे पानांची असेल. त्यातली अशी दहा मिनिटं निवडा की ऐकणारा म्हणेल, “मंग काय झालं?” असं एकही पान सापडत नसेल, तर प्रचाराचा विचार बाजूला ठेवा आणि पुन्हा लिहायला बसा. मोठ्यानं वाचण्याचा हा आणखी एक फायदा आहे. कुठं कंटाळा येतो, ते पुस्तक छापायच्या आधीच कळतं.

कागद-पेन घ्या

आता थोडा हिशेब. समजा, ९६ पानांच्या संग्रहाच्या २०० प्रती छापायला एका प्रतीमागं ७० रुपये लागले. झाले १४ हजार. लोकांपर्यंत नेण्यासाठी ३ हजार वेगळे काढले. एकूण १७ हजार. किंमत ठेवली १५० रुपये. प्रत स्वतः विकली, तर ११४ प्रतींत सगळा खर्च निघतो. तीच प्रत दुकानातून ४० टक्के कमिशनवर गेली, तर तुमच्या हाती येतात ९० रुपये, आणि खर्च निघायला लागतात १८९ प्रती. म्हणजे जवळजवळ सगळा गठ्ठा. आकडे तुमच्या छापखान्याप्रमाणं बदलतील, गोष्ट बदलणार नाही. पहिल्या पुस्तकाचा पहिला विक्रेता लेखकच असतो. दुकानात दहा-वीस प्रती जरूर ठेवा, पण भरवसा स्वतःच्या पिशवीवर ठेवा.

आणि पाचशे प्रतींचा मोह टाळा. ‘जास्त छापल्या तर प्रत स्वस्त पडते’ हे खरं आहे, पण न विकलेली प्रत फुकट दिली तरी महागच पडते. आता डिजिटल छपाईत शंभर-दोनशे प्रतीही निघतात. संपल्या तर पुन्हा छापा. ‘दुसरी आवृत्ती’ या दोन शब्दांइतकी चांगली जाहिरात नाही, आणि ती खरी असली पाहिजे.

त्याहून सुरक्षित वाट म्हणजे आगाऊ नोंदणी. ही काही ऑनलाइनच्या जमान्यातली टूम नाही. १९व्या शतकात मराठी पुस्तकं आगाऊ वर्गणीदार गोळा करून छापली जात. तुम्ही चार ठिकाणी वाचन करा, नोंदवहीत नाव घ्या, यूपीआयनं पैसे घ्या, पुस्तक कधी मिळेल ती तारीख सांगा आणि ती पाळा. पन्नास नावं झाली की छापखान्यात जा. पन्नासही झाली नाहीत, तर सगळ्यांचे पैसे परत करा आणि सहा महिने थांबा. त्यात कमीपणा नाही. चाळीस हजार घालून जे कळणार होतं, ते फुकटात कळलं, असं समजा.

ज्याला पैसे लागत नाहीत

पॅकेजमध्ये जे विकलं जातं, त्यातलं बरंच काही मुळात मोफत आहे. आयएसबीएन क्रमांक भारतात सरकारी संस्थेकडून मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून. अर्ज ऑनलाइन करायचा, लेखकालाही स्वतःच्या नावानं करता येतो, फी नाही. तो क्रमांक म्हणजे पुस्तकाच्या दर्जाचं प्रमाणपत्र नाही, नुसती ओळख आहे. त्यासाठी कोणी हजारो रुपये मागत असेल, तर आधी विचारा की कशाचे.

स्वतः प्रकाशक झालात की एक जबाबदारीही येते. १९५४ च्या कायद्याप्रमाणं प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह देशातल्या चार सार्वजनिक ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते. चार प्रती जातात, पण त्या वाया जात नाहीत. तुमचं पुस्तक देशाच्या दप्तरी नोंदलं जातं.

टपालाचंही पाहून घ्या. पुस्तकांसाठीची जुनी सवलतीची सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा छोट्या प्रकाशकांची पंचाईत झाली होती. १ मे २०२५ पासून टपाल खात्यानं ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. कुरिअरच्या मानानं हे स्वस्त आहे आणि टपाल खेड्यापर्यंत जातं. परीक्षणासाठी पंधरा प्रती पाठवल्या, तरी चारशे रुपयांच्या आसपास काम होतं.

पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. हस्तलिखित पाठवायचं असतं, तज्ज्ञ ते वाचतात. वेळ लागतो, पण कोणीतरी जाणकार तुमचं लिखाण वाचतो, हीच मोठी गोष्ट आहे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी वेगळे पुरस्कार आहेत. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार ३५ वर्षांच्या आतल्यांसाठी आहे. जिल्ह्यात ग्रंथोत्सव भरतो, तिथं स्टॉलवाल्याशी बोलून चार प्रती ठेवता येतात. अनुदानित सार्वजनिक वाचनालयं दरवर्षी पुस्तकं घेतात. ग्रंथपालांना नुसतं पत्र न पाठवता पुस्तक घेऊन भेटा, वाचकांसमोर अर्धा तास वाचू द्या म्हणा. आणि हे विसरू नका की ज्या विदर्भ साहित्य संघाचं नाव आज नागपूरशी जोडलं जातं, तो १४ जानेवारी १९२३ ला अमरावतीतच स्थापन झाला. इथं साहित्याला माणसं जमतात, हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे.

मोबाइल हातात आहेच

रील करा, जरूर करा. वऱ्हाडी बोलीतल्या रील्स लोक आवडीनं पाहतात, हे तुम्हीच आम्हाला सांगता. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर संगीत लावून केलेली रील काहीच सांगत नाही. पुस्तकातला चाळीस सेकंदांचा मजकूर तुमच्या आवाजात असेल, तर ऐकणाऱ्याला काहीतरी मिळतं. दुसरी, लाइक म्हणजे ग्राहक नव्हे. हजार लाइकमागं पाच प्रती गेल्या तरी नशीब समजा. म्हणून प्रत्येक रीलखाली एकच गोष्ट स्पष्ट लिहा : पुस्तक कुठं, कितीला, कसं मिळेल. क्यूआर कोड बुकमार्कवर छापून घेतला तर तोच बिलबुक आणि तीच जाहिरात.

व्हॉट्सअॅपच्या पन्नास ग्रुपवर एकच मजकूर फेकू नका. लोक वाचत नाहीत, वर म्यूट करतात. त्यापेक्षा वीस जणांना नावानं लिहा. “काकू, तुमच्या शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांवर यात एक गोष्ट आहे” असं लिहिलेला एक मेसेज शंभर फॉरवर्डच्या तोडीचा असतो. छपाईचे पैसेच नसतील तर २०१६ पासून अॅमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतःच चढवता येतं. तेही एक दार आहे. पण तिथंही वाचक आपोआप येत नाही, तो तुम्हालाच आणावा लागतो.

एसटी, शिबिर आणि ‘सप्रेम भेट’

वेगळे काढलेले ते ३ हजार कुठं घालायचे? आमचं म्हणणं, प्रवासात. अमरावतीहून मूर्तिजापूर, अकोला, अकोल्याहून अकोट, दर्यापूर, परतवाडा, मोर्शी, वरूड. महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणजे मुलींचा दौरा आणखी स्वस्त. प्रत्येक गावात ओळखीचा एक मित्र, एक शिक्षक किंवा एक वाचनालय एवढं पुरतं. हॉल नको, हार नको, पाहुणे नको. पंचवीस माणसं, चहा आणि अर्धा तास वाचन. त्यातल्या आठ जणांनी पुस्तक घेतलं तरी दिवस सार्थकी लागला.

हिवाळ्यात रासेयोची सात दिवसांची शिबिरं खेड्यात लागतात. संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रम असतोच. नेहमीच्या नाचगाण्यात वीस मिनिटं मागून घ्या आणि गावकऱ्यांसमोर वाचा. यासारखी परीक्षा नाही. गावातली आजी मान हलवून ऐकते की उठून जाते, यावरून जे कळतं ते कोणत्याही परीक्षणातून कळत नाही. डिसेंबरच्या अखेरीस पंजाबराव देशमुखांच्या जयंतीच्या सुमारास अकोल्याच्या कृषी विद्यापीठात प्रदर्शन भरतं, शेतकऱ्यांची गर्दी उसळते. शेतीवर लिहिणाऱ्यानं तिथं परवानगी काढून उभं राहायला काय हरकत आहे?

एकट्याला जड जात असेल तर चौघं मिळून करा. पुण्यात १९२३ च्या सुमारास रविकिरण मंडळाच्या कवींनी हेच केलं. एकत्र जमले, एकत्र संग्रह काढले आणि लोकांपुढं कविता गाऊन दाखवण्याची प्रथा रुजवली. चार जणांची पुस्तकं एका पिशवीत असली की दौऱ्याचा खर्च चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि एकाला ऐकायला आलेला माणूस चौघांना ऐकून जातो. शिवाय स्वतःच्या पुस्तकाची स्तुती स्वतः करावी लागत नाही. मैत्रिणीनं तुमच्याबद्दल बोलावं, तुम्ही तिच्याबद्दल.

आता एक नाजूक गोष्ट. ‘सप्रेम भेट’. आपल्याकडं लेखकाच्या ओळखीच्या प्रत्येकाला वाटतं की पुस्तक फुकटच मिळणार. मित्र म्हणतो, “काय राजा, मलेही पैसे मांगतं काय?” हो, मागायचे. पानठेल्यावर, कॅफेत, रिचार्जवर आपण बिनदिक्कत खर्च करतो आणि मित्राच्या दोन वर्षांच्या मेहनतीचे दीडशे रुपये द्यायला मात्र संकोचतो, हे बरोबर नाही. भेट द्यायच्या प्रतींची यादी आधीच ठरवा : आई-वडील, गुरुजी, परीक्षक, ग्रंथालयं. बाकी सगळ्यांना हसत किंमत सांगा. पुस्तक विकणं म्हणजे हात पसरणं नव्हे. ज्यानं पैसे दिले तो निदान चार पानं उघडून पाहतो. फुकट मिळालेलं बहुतेक वेळा टीव्हीच्या कपाटावरच राहतं.

कॉलेजांनी काय करावं

सगळा भार लिहिणाऱ्या पोरांवर टाकून चालणार नाही. आपल्या विद्यार्थ्याचं पुस्तक निघालं की प्राचार्य सत्कार करतात, फोटो निघतो, विषय संपतो. सत्कार राहू द्या. कॉलेजच्या ग्रंथालयानं दोन प्रती विकत घ्याव्यात, पूर्ण किमतीत. वाङ्मय मंडळानं वर्षातून चार वेळा तासभराचं वाचन ठेवावं, त्यात विद्यार्थी लेखकांना बोलवावं आणि बाहेर टेबल टाकून पुस्तकं विकू द्यावीत. मराठी विभागानं हस्तलिखितावर एक तास मोकळेपणानं बोलावं, छापायच्या आधी. यात कोणाच्याही खिशाला मोठा भुर्दंड नाही. यातून होईल एवढंच की पॅकेजवाल्याच्या दारात जाण्याआधी पोराला चार माणसं वाचायला आणि चार खरं बोलायला मिळतील.

आणि राजेहो, तुमच्यापैकी जे लिहीत नाहीत, त्यांच्यावरही एक काम आहे. या महिन्यात वर्गातल्या लिहिणाऱ्याला गाठा आणि म्हणा, “बस, वाचून दाखव.” आवडलं तर पैसे देऊन घ्या. नाही आवडलं तर तसं तोंडावर सांगा. दोन्ही त्याच्या उपयोगाचं आहे. लिहिणाऱ्यांनी मात्र आजच वहीतली दहा मिनिटांची पानं काढावीत, घड्याळ लावून मोठ्यानं वाचून पाहावीत, आणि छापखान्याचा दर विचारायच्या आधी पहिले पंचवीस श्रोते शोधावेत.